परसातलं स्वयंपाकघर, थोडक्या पैशांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याच्या चिऱ्यांचं. २०२४ च्या उन्हाळ्यात मागच्या दारी दहा बाय आठ फुटांत आम्ही बाहेरचं स्वयंपाकघर उभं केलं. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येकजण चहा संपला की मागे डोकावतो आणि साधारण हेच प्रश्न विचारतो. मी ना आर्किटेक्ट ना गवंडी, त्यामुळे उत्तरं अनुभवाची आहेत. त्यांतली काही चुका करून मिळाली.

घरात गॅस, ओटा सगळं असताना बाहेर दुसरं स्वयंपाकघर कशाला?

वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या घरात भाजून बघा, उत्तर मिळेल. आमच्याकडे एप्रिलात मिरच्या भाजायला घेतल्या की अख्खं घर दिवसभर शिंकायचं. सुकट भाजली की वास पडद्यांत बसायचा. कुरडयांचा चीक शिजवायचा तर घरच्या शेगडीवर ते पातेलं मावायचं नाही, आणि दिवाळीत चकल्या तळून झाल्या की भिंतीवर हात फिरवला तरी चिकट. बाहेर ओटा हवा तो या कामांसाठी.

आपल्याकडे ही कल्पना नवीन नाहीच. मागच्या पडवीत चूल, शेजारी पाणी तापवायचं चुलाण, पलीकडे मोरी, असं कोकणातल्या जुन्या घरांत असायचंच. गॅस आला तशी चूल गेली आणि पडवीत सायकली आल्या.

एक काम आधी करा. गेल्या वर्षभरात घरात कोणकोणत्या स्वयंपाकाचा त्रास झाला ते कागदावर लिहा. आमच्या यादीत मसाला, सुकट, मासे तळणं, चीक, फराळ, फणसाची साटं आणि पंचवीस माणसांचा भात एवढं निघालं. ग्रिल, पिझ्झा ओव्हन, बार काउंटर यांपैकी काहीच निघालं नाही, तेव्हा ते केलंच नाही. तुमची यादी वेगळी असेल. खानदेशात मांड्यांचं खापर आणि भरताची वांगी पहिल्या नंबरावर येतील, पेण-अलिबागकडे थंडीतली पोपटी.

एकूण खर्च किती आला?

५७,१०० रुपये. भाव आमच्या गावचे आणि त्या वर्षीचे आहेत, तुमच्याकडे वर-खाली होतील. फोड अशी:

छप्पर, म्हणजे चार लोखंडी खांब, वरचा सांगाडा, पत्रा आणि फॅब्रिकेशनची मजुरी: २४,०००
जमिनीचा कोबा, मोरी, सांडपाण्याचा पाइप, शोषखड्डा: ९,८००
ओटा, म्हणजे विटा, सिमेंट, वाळू, कडप्पा आणि गवंड्याची मजुरी: १४,२००
सिंक, नळ, पाण्याची जोडणी: ३,९००
वीज: ४,६००
चूल: ६००

डोक्यावरचं छप्पर आणि पायाखालचं पाणी यांतच ३३,८०० गेले, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास. लोक नेमकं उलटं करतात. आधी चकचकीत ग्रॅनाईट, स्टीलची कपाटं आणि मोठी शेगडी घेतात, मग छपराला पैसे उरत नाहीत म्हणून वर ताडपत्री टाकतात. पहिल्याच पावसात ताडपत्रीत पाण्याचा फुगा होतो, कपाटं गंजतात, आणि ती जागा अडगळीची होते. माझं म्हणणं एकच: पैसा आधी डोक्यावर आणि पायाखाली घाला. मधला भाग जुन्या टेबलावरही चालतो.

एवढे पैसे एकदम नाहीत. टप्प्याटप्प्याने होईल का?

होईल, आणि तसंच करावं. पहिल्या वर्षी कोबा, मोरी आणि छप्पर. त्याच्याखाली घरातलं जुनं लाकडी टेबल, तीन विटांची चूल आणि एक पिंप पाणी ठेवून एक हंगाम स्वयंपाक करा. कुठून ऊन येतं, कुठून वारा येतो, परात कुठे ठेवावीशी वाटते, घरातून मिठाची बरणी आणायला किती फेऱ्या होतात, हे सगळं त्या हंगामात कळतं. आम्ही कागदावर ओटा पूर्वेला काढला होता. दोन महिने वापरल्यावर सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं हे आईच्या लक्षात आलं आणि तो दक्षिणेला गेला. आधीच बांधला असता तर फोडावा लागला असता.

पाइप आणि वायरची जागा मात्र पहिल्या वर्षीच कोब्याखालून काढून ठेवा. नंतर कोबा फोडायचा म्हणजे दुप्पट मजुरी.

जागा कोणती निवडावी?

घरातल्या स्वयंपाकघराच्या दारापासून पंधरा-वीस पावलांच्या आत. त्याहून लांब गेलं की माणूस कंटाळतो. नारळाखाली नको, कारण नारळ विचारून पडत नाही. सेप्टिक टँकच्या झाकणावर नको, गवताच्या उडवीजवळ नको, आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली तर नकोच.

वाऱ्याचा अंदाज घ्यायला जागेवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीनदा उदबत्ती लावून बघा. धूर घराकडे जात असेल तर चार पावलं इकडे-तिकडे सरका. आमच्याकडे दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, त्यामुळे त्या बाजूला आडोसा हवाच होता.

छप्पर कसलं घालावं: कौल, पत्रा की सिमेंटचा पत्रा?

मन कौलांवर होतं, खिसा पत्र्यावर. मंगलोरी कौलांना चांगला उतार लागतो, दर फुटाला सहा-सात इंच, नाहीतर पाणी मागे फिरून आत गळतं. एवढा उतार दिला की सांगाडा उंच होतो, लाकूड वाढतं, वजन वाढतं. गावात कोणाचं जुनं घर उतरवत असतील तर कौलं आणि वासे स्वस्तात मिळतात. तसं जमलं तर जरूर कौलं घाला, खाली गारवा राहतो. वाशांना वाळवी नको असेल तर काजूच्या टरफलांचं तेल पाजा आणि लाकडी खांब जमिनीत गाडण्याऐवजी दगडी उथळ्यावर उभा करा.

पत्र्याला दर फुटाला दोन इंच उतार पुरतो. आमचं छप्पर बारा बाय अकरा फूट, म्हणजे कोब्यापेक्षा सगळीकडून फूट-दीड फूट बाहेर. उंच बाजू साडेनऊ फुटांवर, उतरती बाजू पावणेआठवर. त्याहून खाली येऊ नका. चुलीची धग पत्र्याला लागली की तो उलट आपल्यालाच भाजतो. पावसात पत्रा वाजतो हे खरं. जुलैमध्ये बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं.

सिमेंटचा पत्रा चुलीवर घालू नका. बरेच जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. आगीच्या धगीने ते तडकून तुकडे उडतात, आणि कापताना किंवा फुटताना निघणारी धूळ फुप्फुसांना घातक. फुकट मिळाला तरी नको.

आमची एक चूक सांगतो. उतार घराच्या उलट दिशेला दिला, म्हणजे पाणी परसात जावं. पाणी बरोबर गेलं. धुराचा मात्र विचारच केला नव्हता. धूर पत्र्याच्या पोटाला धरून चढाच्या दिशेने सरकतो, म्हणजे थेट घराकडे. पहिल्याच दिवशी वहिनीच्या खोलीत मुगाच्या खिचडीचा धूर भरला. त्यावर पुढे काय केलं ते धुराच्या प्रश्नात आहे.

पावसाळ्यात वापरता येतं का?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो सरळ पडेल याची खात्री नसते. छपरापेक्षा झडीचा त्रास मोठा. नैर्ऋत्येच्या बाजूला आम्ही चार फूट उंचीची चिऱ्याची भिंत घातली आणि तिच्या वर पावसाळ्यापुरती माडाच्या झावळ्यांची झापं बांधतो. झापं विणायला शेजारच्या काकू येतात, खर्च फक्त सुंभाचा आणि चहाचा. ऑक्टोबरात ती काढून चुलीत जातात. हिरवी शेडनेट झडीला पुरत नाही, पाण्याचे तुषार आरपार येतात.

ओटा किती उंच, किती लांब?

पुस्तकी माप बत्तीस ते चौतीस इंच. पण तुमच्याकडे जो जास्त वेळ उभा राहणार आहे त्याचं माप घ्या. सरळ उभं राहून कोपर दुमडायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि चार इंच वजा करायचे. आईचं एकतीस आलं. गवंडी म्हणाला, "सगळे चौतीसच करतात." आईने विटांवर फळी ठेवली, फळीवर परात ठेवली, त्यात कणीक मळून दाखवली आणि म्हणाली, "तू मळणार आहेस का?" एकतीस झालं.

ओट्याची रुंदी दोन फूट, लांबी आठ फूट. त्यात सिंकचे दोन फूट गेले की कापायला, मळायला सहा फूट उरतात, भरपूर होतात. खाली तीन आडव्या भिंती, चार इंची विटांच्या. हिशेब सोपा: प्रत्येक भिंत दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच, म्हणजे पाच चौरस फूट, तिन्ही मिळून पंधरा. चौरस फुटाला साधारण पाच विटा धरल्या तर पंचाहत्तर. तुटफुटीसह शंभर विटा मागवा. वाळू आणि खडी ब्रासवर मिळते, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढ्याशा कामाला अख्खा ब्रास घेऊ नका. शेजारी कुठे बांधकाम चालू असेल तर दहा-पंधरा घमेली मागून घ्या, पैसे द्या, दोघांचं भागतं.

ओट्याखाली कपाटं करू नका, मोकळं ठेवा. एका कप्प्यात लाकडं, एकात मोठी पातेली. बाहेरच्या बंद कपाटात उंदीर आधी राहायला येतात, भांडी नंतर.

वर कडप्पा, ग्रॅनाईट की लादी?

कडप्पा स्वस्त, आम्ही तोच घातला. आंध्रच्या कडप्पा भागातला हा काळा दगड जातीने चुनखडक. त्यामुळे लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं आणि लगेच पुसलं नाही की पांढुरका डाग पडतो. आमच्या ओट्यावर आगळाच्या बाटलीच्या बुडाचा एक गोल कायमचा आहे. ग्रॅनाईटला हा त्रास नाही, पण किंमत चढी. मात्र मार्बल-ग्रॅनाईटच्या वखारीत मागच्या बाजूला तुकड्यांचा ढीग असतो. दोन-तीन फुटांचे उरलेले तुकडे ते स्वस्तात देतात. रंग जुळत नाहीत एवढंच. तीन तुकडे सांधून ओटा करायला काहीच हरकत नाही, आणि आज मला विचाराल तर मी तेच करेन.

धगीचं मात्र दोन्ही दगडांना वावडं. पहिल्या दिवाळीत तेलाची कढई चुलीवरून उतरवून थेट कडप्प्यावर ठेवली. खट्ट असा आवाज आला आणि कोपऱ्यापासून वीतभर चीर गेली. कोणीच काही बोललं नाही, कारण कढई मीच ठेवली होती. आता लाकडी पाट ठेवतो.

जमिनीला गुळगुळीत लादी नको. आमच्याकडे जूननंतर शेवाळ धरतं आणि माणूस आडवा होतो. साधा कोबा करा आणि ओला असतानाच त्यावर खराटा फिरवून रेघा पाडा.

चूल कशी घालावी? सिमेंटची चालते का?

सिमेंटची नको. रोजच्या आगीने सिमेंटचा बांध भुसभुशीत होतो आणि सांधे सुटतात. बाहेरून विटा लावल्या तरी आतलं अस्तर मातीचंच हवं. फायर ब्रिक मिळाल्या तर उत्तम, पण घरच्या चुलीला त्यांची गरज नाही.

आमची चूल आईने घातली, मी फक्त माती तुडवली. वारुळाची माती आणून चाळली, त्यात शेण आणि भाताचं तूस घातलं आणि दोन दिवस भिजत ठेवलं. तिसऱ्या दिवशी पायाने इतकं मळायचं की गोळा हातावर घेतला तर पसरू नये, आणि बोट दाबलं तर कड फाटू नये. मग घोड्याच्या नालासारखा आकार, उंची आठ-नऊ इंच, तोंड मोठं लाकूड जाईल एवढं. वर तीन उंचवटे, बोटभर जाडीचे. भांडं त्यांच्यावर टेकतं आणि मधल्या फटीतून जाळ बाहेर खेळतो. उंचवटे नसले तर आग गुदमरते. मागे वैल, म्हणजे उरलेल्या धगीवर दुसरं भांडं ठेवायची जागा. पुढे भात शिजतो, वैलावर आमटी गरम राहते, फुकटात. सहाशे रुपये गेले ते लोखंडी जाळीचे. ती चुलीत दोन इंच उंचावर बसवली की खालून हवा मिळते आणि धूर बराच कमी होतो.

सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, उन्हात नाही. पहिला जाळ अगदी लहान. भेगा पडतीलच, त्याच मातीने बुजवा. नंतर आठवड्याने एकदा पोतेरं फिरवलं की वर्षानुवर्षं टिकते.

जमिनीवर बसून स्वयंपाक करणं आता कोणाच्याच गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून चूल वीस इंच उंच चौथऱ्यावर घेतली. आई स्टुलावर बसते, हात बरोबर पोचतो. चौथऱ्यावर आधी दोन इंच वाळू, मग आडव्या विटा आणि त्यावर चूल, म्हणजे धग खाली उतरत नाही.

धुराचं काय?

ओलं लाकूड हे अर्धं कारण, हवा न मिळणं हे उरलेलं. जाळीने हवेचा प्रश्न सुटला. घराकडे जाणाऱ्या धुरासाठी आम्ही चूल छपराच्या उतरत्या कडेला सरकवली आणि वैलाच्या मागून चार इंची पाइप तिरका काढून पत्र्याच्या कडेबाहेरून वर नेला, पत्र्याच्या दोन फूट वर, डोक्यावर टोपी. पाइप पत्र्यातून भोक पाडून नेला असता तर पावसात तिथूनच गळलं असतं. आडवा पाइप कधी नेऊ नका, काजळी साचून बंद पडतो.

निर्धूर चुली काही आजच्या नव्हेत. १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, गावोगाव पाइपवाल्या चुली बसल्या. आपल्याकडे ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींवर आणि उसाच्या पाचटाच्या कोळशावर बरंच काम केलं. आमच्या गावातही तशा दोन चुली होत्या. पाइप कोणी साफ केला नाही, काजळीने तुंबला, धूर पुन्हा घरात, आणि चूल फोडली. तेव्हा पाइप बसवणार असाल तर महिन्यातून एकदा काठीला गोणपाट बांधून आतून फिरवायची तयारी ठेवा.

कोणतं लाकूड वापरावं?

बाभळीचा निखारा चांगला टिकतो, भाकरी फुगवायला उत्तम. आंबा लवकर पेटतो, लवकर संपतो. करवंट्या झटकन जोराचा जाळ देतात, मासे तळायला बऱ्या. लाकूड सहा महिने छपराखाली वाळलेलं हवं.

बिब्ब्याचं लाकूड चुकूनही आणू नका, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, धूरही त्रास देतो. कण्हेरही नको, ती विषारी. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, जुन्या फर्निचरचे तुकडे जाळून त्यावर अन्न शिजवू नका.

गॅस बाहेर नेला तर चालतो का?

चालतो, पण नियम पाळा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून टाकी खड्ड्यात किंवा बंद कपाटात नको, उभीच ठेवायची, उन्हात नाही, आणि शेगडी टाकीपेक्षा उंचावर. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नाही, पाच वर्षांनी बदलायची. बाहेर असलेली नळी उंदीर कुरतडतात, त्यामुळे दर वेळी डोळ्यांखालून घाला. गळतीचा संशय आला तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आम्ही पाच किलोची लहान टाकी घेतली. काम असेल तेव्हा बाहेर, झालं की आत. चूल पेटलेली असताना टाकी बाहेर आणायची नाही, हा घरचा कायदा. दहा फुटांच्या जागेत दोन्ही एकदम ठेवायला सुरक्षित अंतरच उरत नाही.

वाऱ्याने बर्नर विझतो त्यासाठी शेगडीच्या तीन बाजूंना पत्र्याचा वीतभर उंच आडोसा करून घ्या. बाजारातल्या तयार आडोशापेक्षा तेलाच्या डब्याचा पत्रा बरा.

सांडपाण्याचं काय करायचं?

याकडे दुर्लक्ष केलंत तर डासांसाठी स्वयंपाकघर बांधल्यासारखं होईल. पाइपला दर फुटाला पाव इंच उतार द्या. सिंकखाली वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, हवाच. आमच्या प्लंबरने तो विसरून सरळ पाइप टाकला. आठवडाभरात नळीतून झुरळं वर यायला लागली.

पाणी जिरवायला तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल शोषखड्डा. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर बारीक खडी. विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेतले आणि उघडी गटारं बंद केली, ‘नांदेड पॅटर्न’ म्हणतात तो हाच. खाली कातळ लागला तर खड्डा जिरत नाही. मग पाणी केळीच्या आणि अळवाच्या वाफ्यात सोडा. आमच्या खड्ड्यात न जिरलेलं पाणी अळवात जातं, आणि पावसाळ्यात फतफत्याला पानं विकत आणावी लागत नाहीत.

तेलकट पाण्याने खड्डा लवकर तुंबतो. भांडी आधी राखेने पुसा, मग धुवा. मोरीच्या तोंडाशी काथ्याचा बोळा ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला.

वीज घ्यावी का?

एक दिवा आणि मिक्सरपुरता एक प्लग, बस्स. मुख्य बोर्डातून वेगळी वायर पाइपमधून आणा, अर्थिंग तपासा आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून मिक्सर लावणारी माणसं आपण, इथे काटकसर नको. बोर्ड झाकणाचा, झडीच्या उलट बाजूला. दिवा पिवळसर उजेडाचा घेतला की किडे जरा कमी येतात.

पिंप कापून बार्बेक्यू करता येतो का?

येतो. दोनशे लिटरचं पिंप उभं चिरलं की दोन होतात, एक शेजाऱ्याला द्या. पण आत काय होतं ते माहीत नसलेलं पिंप घेऊ नका. रसायनाचं किंवा रंगाचं तर नकोच. बंद पिंपाला थेट ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, आतल्या वाफा पेटतात. खाद्यतेलाचं पिंपही झाकण उघडून, आतून स्वच्छ धुऊन मगच कापायला द्या. कापून झाल्यावर मोठा जाळ करून आतला रंग पूर्ण जाळून टाका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा जाळी आगीवर वापरू नका.

परवानगी लागते का?

चूल आणि उघडा ओटा असेल तर सहसा कोणी विचारत नाही. पक्कं छप्पर आलं की प्रश्न येतो. घराभोवती मोकळी सोडायची जागा, म्हणजे मार्जिन, त्यात छप्पर टाकलं तर शेजारी तक्रार करू शकतो आणि काढावंही लागू शकतं. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत आधी विचारा. रो-हाऊसवाल्यांनी सोसायटीचं पत्र घ्यावं आणि चुलीऐवजी गॅस किंवा कोळशाच्या शेगडीवर भागवावं. दोन भिंतींमध्ये पाच फूट असताना लाकूड पेटवलं तर शेजार टिकत नाही.

आम्ही देशावर राहतो, जमीन काळी आहे. हेच चालेल का?

पाया बदलावा लागेल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हलका ओटा तिच्याबरोबर वर-खाली होऊन तडकतो. दोन-अडीच फूट काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसा आणि मग काम करा. आमच्याकडे फुटाखाली कातळच लागला, पायाचा खर्च वाचला.

कशावर खर्च करून पस्तावलात?

स्टीलच्या सिंकवर. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणून चांगलं स्टील समजून घेतलं. चुंबक स्टीलच्या हलक्या २०२ प्रतीलाही चिकटत नाही आणि चांगल्या ३०४ लाही नाही. आमचं २०२ निघालं, खाडीच्या दमट हवेत वर्षात तांबूस ठिपके आले. किनाऱ्याजवळ राहत असाल तर बिलावर ३०४ लिहून घ्या, किंवा सरळ दगडी मोरी करा.

दुसरं म्हणजे भिंतीवरची फडताळं. मसाल्याचे डबे बाहेर ठेवू असं वाटलं होतं. पावसाळ्यात मीठ पाणी झालं, हळदीचा गोळा. आता एक वेताची टोपली आहे, तीत तेल-मीठ-तिखट भरून न्यायचं आणि परत आणायचं.

देखभाल किती करावी लागते?

मे अखेरीस एक पूर्ण दिवस काढतो. पत्र्याचे स्क्रू आणि त्यांखालची रबरी वायसरं तपासायची, पाइपाची टोपी काढून काजळी पाडायची, खांबांच्या बुडाशी रंग खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, शोषखड्ड्यावरची खडी धुऊन परत टाकायची. लाकडं ओट्याखालून काढून झटकायची, विंचू असतात, हातमोजे घाला. शेवटी चुलीला पोतेरं, आणि काकूंना झापांसाठी निरोप.